घोडा, अत्तर आणि काउंटेस मित्सुको

मित्सुको कूडेनहोव-कालेर्गी हे नाव ज्यांनी कुठंतरी वाचलं असेल, त्यांना तिच्याबद्दल बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक घोडा आणि दुसरं अत्तर. घोड्याची गोष्ट अशी की, १८९२ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वकिलातीतला एक तरुण सरदारपुत्र तोक्योच्या रस्त्यावर बर्फावरून घोडा घसरून पडला, जवळच्या दुकानातली मुलगी धावत आली, तिनं त्याची शुश्रूषा केली आणि पुढं व्हायचं ते झालं. अत्तराची गोष्ट अशी की, पॅरिसच्या गेर्लां कंपनीनं १९१९ मध्ये बाजारात आणलेलं 'मित्सुको' हे प्रसिद्ध अत्तर याच काउंटेसच्या नावानं निघालं.

यातली दुसरी गोष्ट सरळ चुकीची आहे. अत्तराचं नाव क्लोद फारेर या फ्रेंच लेखकाच्या १९०९ सालच्या 'ला बाताय' या कादंबरीतल्या नायिकेवरून घेतलेलं आहे. ती एका जपानी नौदल अधिकाऱ्याची पत्नी, आणि तिचा जीव जडतो एका इंग्रज अधिकाऱ्यावर. आपल्या काउंटेसचा त्या बाटलीशी संबंध नावापुरता. पहिल्या गोष्टीबद्दल इतकं ठामपणानं बोलता येत नाही. पण या गोष्टीच्या शेजारीच दुसरी एक, कमी गोड गोष्ट सांगितली जाते. ती अशी की, मित्सुको वकिलातीत घरकामासाठी आली आणि तिथं दोघांची ओळख झाली. दुकानदाराच्या मुलीला परदेशी साहेबाच्या घरी नोकरी लागणं हे त्या काळच्या तोक्योत बर्फावर घसरणाऱ्या घोड्यापेक्षा केव्हाही जास्त संभवनीय. तरी सगळीकडं घोडाच धावतो. नोकरीतून झालेलं लग्न सांगायचं तर पगार, मालक, बापाची संमती असल्या अडचणीच्या गोष्टी सांगाव्या लागतात. घोडा एकदा पडला की कुणालाच काही विचारावं लागत नाही.

मित्सुकोबद्दल जे जे सांगितलं जातं ते वाचताना माझी तक्रार नेमकी हीच होत गेली. या बाईचं आयुष्य पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आहे: मुलाच्या आत्मचरित्रात, जपानी चरित्रांत, टेलिव्हिजनवर, चित्रकथेत, आणि अलीकडं काही अत्यंत घाणेरड्या पत्रकांतसुद्धा. प्रत्येकानं तिचा काहीतरी उपयोग करून घेतला आहे. पण तिनं दिवसभर काय केलं हे सांगायला फारसं कुणी थांबत नाही.

आधी निर्विवाद तेवढं सांगतो. मित्सु आओयामाचा जन्म १८७४ चा, तोक्योतल्या उशिगोमे भागातला. वडील किहाची तेलाचा आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करत. हाइनरिख कूडेनहोव तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, डझनावर भाषा जाणणारा, जुन्या घराण्यातला. त्याची आजी मारी कालेर्गिस ही शोपँची शिष्या असलेली नामांकित पियानोवादक. लग्नासाठी दोन्ही बाजूंनी परवानगी लागली, आणि जपानी बाजूच्या परवानगीमागं एक कायदा होता. १८७३ च्या सरकारी हुकमानं जपानी माणसांना परदेशी व्यक्तीशी लग्नाची मुभा मिळाली, पण परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या जपानी स्त्रीचं जपानीपण कायद्यानं संपत असे. म्हणजे पुढं आयुष्यभर जिला 'युरोपातली जपानी स्त्री' म्हणून मिरवलं गेलं, ती लग्न झालं त्या दिवसापासून कागदोपत्री जपानी नव्हतीच. तिनं कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली, मारिया थेक्ला असं नाव मिळालं. थोरला योहानेस १८९३ मध्ये आणि दुसरा रिखार्ड १८९४ मध्ये तोक्योत जन्मले. त्यांची जपानी नावं मित्सुतारो आणि एइजिरो. १८९६ मध्ये कुटुंब युरोपला गेलं. निघण्यापूर्वी सम्राज्ञीनं तिला भेटीला बोलावून जपानच्या इभ्रतीला जप असं सांगितल्याचं सगळी चरित्रं आवर्जून नोंदवतात. ज्या देशानं तिला कायद्यानं आपल्यातून वजा केलं त्याच देशानं तिच्या डोक्यावर आपल्या इभ्रतीचं गाठोडंही दिलं. चरित्रकारांना यात विसंगती दिसत नाही, फक्त अभिमान दिसतो.

मग बोहेमियाच्या पश्चिम टोकाला, बव्हेरियाच्या सीमेजवळ, रोन्सपेर्ग इथला वाडा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव पोबेझोविट्से आहे. हाइनरिखनं राजनैतिक नोकरी सोडली आणि अभ्यासात बुडाला. त्याचं १९०१ सालचं यहुदीद्वेषाच्या स्वरूपावरचं पुस्तक आजही अभ्यासकांना माहीत आहे. स्वतः एकेकाळी तोच द्वेष बाळगलेला हा माणूस अभ्यासानं बदलला, आणि गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना विश्वासघातकी म्हणणारे शब्द आले की तो चर्चमधून उठून बाहेर पडत असे, असं रिखार्डनं लिहिलं आहे. विलक्षण माणूस खराच. रोन्सपेर्गमधली पहिली दहा वर्षं म्हणूनच बहुतेक पुस्तकांत हाइनरिखची असतात. मित्सुको त्यात असते ती मुलं जन्माला घालणारी: एकूण सात मुलं, शेवटचं १९०३ मध्ये.

१९०६ च्या मे महिन्यात हाइनरिख हृदयविकारानं एकाएकी गेला. मित्सुको बत्तीस वर्षांचीही नव्हती. त्यानं मृत्युपत्रात मालमत्तेचा कारभार आणि मुलांचं पालकत्व बायकोकडं ठेवलं होतं. सासरच्या मंडळींनी ते मानलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि ती जिंकली.

ही चार वाक्यं मी मुद्दाम इतकी कोरडी लिहिली, कारण चरित्रांतही ती साधारण एवढीच येतात आणि गोष्ट पुढं सरकते. मला मात्र इथून हलवत नाही. जरा डोळ्यांपुढं आणा: दहा वर्षांपूर्वी आलेली सून, जर्मन शिकलेली पण घरात शिकलेली, धर्म नवा, चेहरा वेगळा, नवरा गेलेला. समोर सरदार घराण्यातले दीर-नणंदा आणि त्यांचे वकील. आणि प्रश्न काय, तर ही परकी बाई आमच्या कुळातली मुलं वाढवायला आणि आमची जमीन सांभाळायला लायक आहे का. नवऱ्याच्या मागं तिनं कायद्याची पुस्तकं घेतली, हिशेब शिकून घेतला, शेतीचं समजून घेतलं. जंगल, शेतं, नोकर, कुळं, सात मुलांच्या शाळा हे सगळं तिनं चालवलं. ती व्यवहाराला पक्की आणि घरात कडक झाली. नवरा असताना मुलांच्या बरोबरीनं धडे गिरवणारी, जवळजवळ त्यांची थोरली बहीण वाटावी अशी बाई, घराची हुकूमशहा कशी झाली याचं मुलांना नवल वाटत राहिलं.

यात नवल कसलं? जिच्या लायकीबद्दल खटला चालला आहे, तिला चूक करण्याची सोय नसते. मुलानं शाळेत कमी गुण आणले, मुलीनं टेबलावर काटा चुकीच्या हातात धरला, तरी तो पुरावाच. आपल्यापैकी ज्यांनी परक्या देशात पहिल्या नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं व्हिसाच्या तारखेकडं डोळे लावून काढली आहेत, त्यांना हा कडकपणा कुठून येतो हे समजावून सांगायला नको. पण चरित्रकार तो 'सामुराई संस्कार' म्हणून खपवतात. दुकानदाराच्या मुलीला सामुराई कुठून चिकटला? मेजी काळातल्या जपानी स्त्रीचं धैर्य, संयम, निष्ठा अशी विशेषणं लावली की खटला, हिशेबाच्या वह्या आणि भीती या तिन्ही गोष्टी गाळता येतात. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा खरोखर कशी चालली हे बघायचं असेल तर तिचा लॉग वाचतात, तिचं माहितीपत्रक नव्हे. मित्सुकोच्या बाबतीत आपल्याला माहितीपत्रकंच जास्त मिळतात.

सगळ्यांत देखणं माहितीपत्रक तिच्या मुलाचं. रिखार्डचं 'पानयुरोपा' हे पुस्तक १९२३ मध्ये आलं. पहिल्या महायुद्धानंतर चिरफाळलेल्या युरोपला एका संघात बांधावं ही त्याची मागणी. त्यासाठी त्यानं चळवळ उभारली, आणि १९५० मध्ये आखेन शहराचं पहिलं शार्लमान पारितोषिक त्यालाच मिळालं. त्यानं आपली कहाणी एकापेक्षा अधिक वेळा लिहिली. त्यात तो सांगतो की, आम्हा भावंडांच्या मनात देश नव्हतेच, खंडं होती. वडील म्हणजे युरोप आणि आई म्हणजे आशिया. फार सुंदर कल्पना आहे आणि त्याच्या राजकारणाला अगदी सोयीची. युरोप हा एकच देश आहे असं ज्याला जगाला पटवायचं आहे, त्याला ते दुरून बघणारा डोळा आईकडून मिळाला असं म्हणता येतं. पण वडिलांना खंड केलं तरी ते पुस्तकात माणूस म्हणून उरतात: भाषा शिकतात, चर्चमधून उठून जातात, त्यांचा आर्मेनियन नोकर बाबिकसुद्धा आठवणीत राहतो. आईला खंड केल्यावर मात्र ती नकाशावरच राहते.

आणि हा 'आशिया' मुलांना जपानी भाषा देऊ शकला नाही. नवऱ्याशी ती जपानीत बोले, पण घराची भाषा जर्मन झाली. सुरुवातीला बरोबर आलेल्या जपानी आया परत गेल्या आणि मुलांच्या तोंडचं जपानी त्यांच्याबरोबर गेलं. नवरा गेल्यावर तर त्या वाड्यात तिची भाषा बोलणारं कुणीच उरलं नाही. आपल्याकडं रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या आईबापांना यावर लगेच मत असेल, आणि ते तिच्याविरुद्ध असेल. माझं तसं नाही. सात मुलं व्हिएन्नाच्या सरदारी जगात खपवायची होती. मुलगे तेरेझियानुमसारख्या शाळेत जायचे होते. ज्या घरात आईच्या परकेपणावरून कोर्टकचेरी झाली, तिथं मुलांच्या तोंडी आईची भाषा ठेवणं म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती कागद देणं. तिनं भाषा विसरली नाही, ती स्वतःपुरती ठेवली. आणि गंमत अशी की, तिसरा मुलगा गेरोल्फ मोठेपणी जपानीचा अभ्यासक झाला आणि प्राग विद्यापीठात ती भाषा शिकवू लागला. आईकडून न मिळालेली मातृभाषा त्यानं पुस्तकांतून मिळवली. या मुलाबद्दल चरित्रांत एखादं वाक्य असतं, कारण त्यानं युरोप जोडला नाही.

रिखार्डच्या लग्नाचा प्रसंग तर सगळेच गोंधळून सांगतात. १९१५ मध्ये, वीस वर्षांचा असताना, त्यानं इडा रोलांड या व्हिएन्नाच्या प्रख्यात नटीशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी, यहुदी आणि घटस्फोटित. मित्सुकोनं कडाडून विरोध केला. स्वतः जगावेगळं लग्न केलेल्या, यहुदीद्वेषाविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्याच्या विधवेनं असं करावं? जपानी गौरवग्रंथांना हा प्रसंग अडचणीचा, म्हणून तो पटकन उरकतात. उलट बाजूचे लेखक त्यावर दुटप्पीपणाचा शिक्का मारून मोकळे होतात. मला दोन्ही आळशीपणा वाटतो. तिचा विरोध बरोबर होता असं मी म्हणत नाही. तो चूक होता आणि त्यानं मायलेकांत अंतर पडलं. पण चौकटीबाहेर लग्न करून आलेली सून पुढं चौकटीची सर्वांत कडक राखणदार होते, हे आपण आपल्या घरांतून बघितलेलं नाही का? नियम मोडण्याची किंमत तिच्याइतकी त्या घरात दुसऱ्या कुणी मोजली नव्हती. मुलगा ती किंमत वीस वर्षांच्या वयात, हसत हसत मोजायला निघाला होता.

आता 'युरोपीय संघाची आई' या पदवीकडं. जपानमध्ये मित्सुकोची ही ओळख पक्की झाली आहे, आणि ती कधी पक्की झाली ते बघण्यासारखं आहे. १९४१ मध्ये ती वारली तेव्हा नव्हे. १९६७ मध्ये रिखार्ड काजिमा शांतता पारितोषिक घ्यायला जपानला गेला, १९७० मध्ये पुन्हा गेला, १९७२ मध्ये वारला. आणि त्याच सुमारास जपानला आपली काउंटेस सापडली. की किमुरा यांचं चरित्र १९७१ चं. एनएचकेनं १९७३ मध्ये सायुरी योशिनागा या लाडक्या अभिनेत्रीला घेऊन कूडेनहोव घराण्यावर कार्यक्रम केला. त्याच दशकात वाकी यामातो यांची 'लेडी मित्सुको' ही मुलींसाठीची चित्रकथा आली. जपान तेव्हा युरोपच्या बाजारपेठेत मोटारी आणि टेलिव्हिजन घेऊन उतरत होता, युरोपीय सामायिक बाजार वाढत होता. त्या बाजाराच्या मुळाशी आपली एक मुलगी आहे ही कल्पना किती सुखद असेल! मी या लेखक-कलावंतांना दोष देत नाही. त्यांनी आठवण जागी केली नसती तर तिचं नावही उरलं नसतं. पण पदवी तपासली तर काय दिसतं? तिनं रिखार्डला युरोपसंघ शिकवल्याचा मागमूस नाही. तो उभा राहिला तो वडिलांच्या ग्रंथालयावर, पहिल्या महायुद्धावर आणि नाटकाच्या पैशांतून संसार चालवणाऱ्या त्याच्या बायकोच्या पाठबळावर. म्हणजे जिला मित्सुकोनं घरात घेतलं नाही, तिचं श्रेय मित्सुकोच्या खात्यावर जमा झालं.

आपल्यालाही हे नवीन नाही. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं होतं, पण मराठी घरांतली आनंदीबाई आहे ती श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीतली. कादंबरी रसाळ आहे म्हणून चरित्र मागं पडलं. चरित्रपर कादंबरीवर वाढलेल्या आपल्या पिढीला मित्सुकोची रसाळ आवृत्ती आवडेल यात शंका नाही. म्हणून तर सावध राहायचं.

आणि सावध राहण्याचं आणखी एक कारण आहे. रिखार्डनं १९२५ च्या एका पुस्तकात भविष्यातला माणूस मिश्रवंशी असेल असं लिहिलं होतं. त्या एका भाकितावरून युरोपातल्या अतिउजव्या गटांनी एकविसाव्या शतकात 'कालेर्गी कट' नावाचं कुभांड रचलं: म्हणे युरोपात परदेशी लोक आणून गोऱ्या वंशाचा नाश करण्याची ही जुनी योजना आहे. त्या पत्रकांतही मित्सुको असते, कटवाल्याची आशियाई आई म्हणून. एकीकडं संघाची माता, दुसरीकडं कटाची माता. दोन्ही ठिकाणी ती फक्त रक्त आहे. गौरव करणारे आणि शिव्या देणारे एकाच तर्कानं चालतात, आणि परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना या तर्काकडं दुर्लक्ष करून चालणार नाही.

तिच्या स्वतःच्या शब्दांत काही आहे का? आहे. उतारवयात तिनं मुलगी ओल्गाला आठवणी सांगितल्या आणि ओल्गानं त्या लिहून घेतल्या. मासुमी श्मिट-मुराकी यांनी या आठवणी जपानीत आणल्या आणि त्या कामानं मित्सुकोकडं बघण्याची दिशा बदलली. पण आठवणी मुलांसाठी सांगितलेल्या आहेत, आणि आई मुलांना सगळं थोडंच सांगते.

'मग ती परत का गेली नाही?' हा प्रश्न प्रत्येक पुस्तक विचारतं आणि उसासा टाकून सोडून देतं. उसाशाची काही गरज नाही, तारखा पुरेत. १९०६ पर्यंत नवरा नेईल ही आशा होती आणि कडेवर तान्ही मुलं होती. १९०६ नंतर ती सात अज्ञान मुलांची पालक होती, आणि तिच्या पालकत्वावर नजर ठेवून बसलेले नातेवाईक होते. सहा महिने जपानला गेली असती तर त्यांनी काय केलं असतं? १९१४ च्या ऑगस्टमध्ये जपान आणि ऑस्ट्रिया-हंगेरी एकमेकांचे शत्रू झाले. ती व्हिएन्नात रेडक्रॉसच्या कामात उतरली. १९१८ मध्ये ते साम्राज्यच गेलं. चेकोस्लोव्हाकियानं त्याच वर्षी आणि ऑस्ट्रियानं १९१९ मध्ये सरदारकी रद्द केली, नंतर जमीनसुधारणा आल्या. म्हणजे ज्या पदवीमुळं ती आज ओळखली जाते ती तिच्याकडं कायदेशीररीत्या साधारण पाव शतकच होती. रोन्सपेर्ग थोरल्या योहानेसकडं राहिलं आणि ती व्हिएन्नाजवळ म्योडलिंगला आली. १९२५ मध्ये पक्षाघातानं अर्धं अंग गेलं.

त्यानंतरची सोळा वर्षं चरित्रांत एका पानात संपतात. मुलं पांगली होती. मुलगी इडा फ्रीडेरीके लग्नानंतर गोरेस या नावानं कॅथलिक लेखिका म्हणून नाव कमावत होती. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य आलं तेव्हा रिखार्ड आणि त्याची बायको निसटले, आणि १९४० मध्ये अमेरिकेला पोचले. म्हातारी म्योडलिंगमध्येच राहिली. तिचा जन्मदेश आता नाझींचा मित्र होता, मुलगा त्यांचा शत्रू. ओल्गा तिच्याजवळ होती. व्हिएन्नातल्या जपानी वकिलातीत जाऊन दोन शब्द जपानीत बोलायचे, तिथली वर्तमानपत्रं घेऊन यायची, हा तिचा विरंगुळा असल्याचं सांगतात. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ती गेली आणि तिला व्हिएन्नाच्या हीट्सिंग दफनभूमीत पुरलं. चार वर्षांनी रोन्सपेर्गचा वाडा जप्त झाला आणि तिथल्या जर्मन भाषकांना हाकलून दिलं गेलं. गेरोल्फचं कुटुंबही १९४५ मध्येच प्रागमधून बाहेर पडलं. त्याची मुलगी बार्बरा पुढं ऑस्ट्रियात पत्रकार म्हणून नावाजली. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव 'घर सगळीकडं आहे' अशा अर्थाचं आहे. आजीच्या चरित्रकारांपैकी एखाद्यानं तरी तिच्या हिशेबाच्या वह्या धुंडाळाव्यात आणि १९०६ ते १९१४ या आठ वर्षांवर एक अख्खं पुस्तक लिहावं. घोडा, अत्तर आणि सम्राज्ञी नसली तरी मी ते विकत घेईन.